दादाच्या फोटोला हार

माझ्या थोरल्या भावाचा, किसनदादाचा, आमच्या घरात एकच फोटो होता. पलटणीत भरती झाल्यावर तिकडच्याच कुठल्या तरी स्टुडिओत काढलेला. मागं रंगवलेला पडदा, पडद्यावर कारंजं आणि त्या कारंज्यासमोर कडक गणवेशात ताठ उभा राहिलेला आमचा दादा. डोळ्यांत हसू होतं, पण ओठ घट्ट मिटलेले. पुढचे दोन दात जरा पुढं होते आणि त्याची त्याला लाज वाटायची. बानं तो फोटो बुद्धाच्या तसबिरीशेजारी खिळा ठोकून लावला होता. त्याची काच माय स्वतः पुसायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. दादा लढाईत गेल्याची तार येऊन वर्ष होत आलं होतं, तरी त्या फोटोला हार नव्हता. हार नव्हता, म्हणून आमच्या घरात दादा मेलेला नव्हता.

ते दुष्काळाचं वर्ष. भूमकडच्या आमच्या भागात तसाही पाऊस बेताचा, पण त्या वर्षी विहिरींचे तळ कोरडे पडले. आमची वस्ती गावाच्या बाहेर, ओढ्याच्या अलीकडं. ओढ्यात झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरायला लागायचं. बा बांधकाम खात्यात मैलकुली होता, म्हणजे रस्त्याचा एक तुकडा त्याच्या ताब्यात, तिथले खड्डे बुजवायचे, कडेची झाडं राखायची. त्या वर्षी झाडंही राखण्यासारखी उरली नाहीत. माय, वहिनी आणि मी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. माझी शाळा सुटली ती तेव्हाच, पुढं दोन वर्षांनी परत धरली. दिवसभर शेकडो हातोड्यांचा तो टकटक आवाज. संध्याकाळी घरी येऊन चुलीपुढं बसलं तरी कानात चालूच. आज म्हातारपणी माझ्या कानात अधूनमधून काही तरी वाजतं, डॉक्टर म्हणतात वयाचं आहे. मला वाटतं, त्या वर्षीचंच असेल.

खायला रेशनची लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापता थापता फाटायची, तव्यावर टाकली की काठ उकलायचे आणि गार झाली की चामड्यासारखी व्हायची. सोबत हुलग्याचं माडगं, कधी तरवट्याचा पाला शिजवून त्यावर मिरचीचा ठेचा. वहिनीचा हात इतका हलका होता, की ती लाल भाकरीसुद्धा तिच्याकडून गोल निघायची. माय मग उगाच म्हणायची, "किसन आला म्हंजी त्याला ह्यी असली खाऊ घालू नगंस. त्याच्यासाठी शाळूचं दोन पायलीचं पीठ ठिवलंय म्या." वहिनी मान हलवायची. "व्हय आत्या." सासूला ती आत्याच म्हणायची.

सुमनवहिनी माझ्यापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठी. लग्नानंतर दादा सुट्टीवर एकदाच आला होता. तेवढ्या दिवसांत त्यांचा संसार जो काय झाला तो झाला. ती वस्तीत आली तेव्हा तिला गाणी लई यायची, दळताना म्हणायची. तार आल्यावर तिची गाणी बंद झाली, पण कपाळावरचं कुंकू आणि गळ्यातली काळी पोत मात्र राहिली. ते मायनं ठेवायला लावलं होतं. तार शाळेच्या गुरुजींनी वाचली, अर्थ सांगितला, बा ओट्यावर मटकन बसला, बायका रडत आल्या. वहिनीनं हात कपाळाकडं नेला तेव्हा मायनं तो मनगटाला धरून खाली ओढला. "खबरदार," म्हणाली. "लेकरू बघितल्याबिगर म्या न्हाय मानायची."

आणि लेकरू कुणीच बघितलं नाही. त्या लढाईत सरहद्दीवर पडलेल्यांना तिथंच अग्नी दिला जायचा. आमच्याकडं आली ती एक काळी पेटी. तिच्यात दादाचे कपडे, दाढीचं सामान, वहिनीचा लग्नातला रुमाल, आणि सगळ्यात खाली एक विटकरी रंगाचा हातानं विणलेला स्वेटर. मायनं तो उलगडला, अंगाला लावून बघितला. दादा शिडशिडीत, त्या स्वेटरमध्ये दोन दादा मावले असते. त्याचा नव्हताच तो. मायचं तोंड उजळलं. ते उजळलेलं तोंड मला अजून दिसतं आणि अजून भीती वाटते. "बघा," ती म्हणाली, "दुसऱ्याची पेटी आलीय आपल्याकडं. तार पण दुसऱ्याचीच आसंल." पेटीतला रुमाल वहिनीच्या हातात होता. तिनं त्याची बारीक घडी घातली.

मग वर्षभर माय दर बाजाराला भूमला जायची. बाजारात घेण्यासारखं काही नव्हतं आणि घ्यायला पैसेही नव्हते. ती एसटी स्टँडवर जाऊन बार्शीच्या गाडीपाशी उभी राहायची. दादा सुट्टीवर यायचा तो रेल्वेनं बार्शीला आणि तिथून त्या गाडीनं. शेवटचा माणूस उतरेपर्यंत माय पायरीकडं बघत राहायची. कंडक्टर ओळखायला लागले होते. एक जण तर लांबूनच मान हलवून नाही म्हणून सांगायचा. वस्तीतल्या बायका झिऱ्यावर कुजबुजायच्या. काही जणी मायला वेडी म्हणायच्या, आणि काही जणी वहिनीला निर्लज्ज. वहिनी ते ऐकून घ्यायची, डोक्यावर घागर घ्यायची आणि चालायला लागायची.

वर्ष भरत आलं तेव्हा सरपंच आपण होऊन वस्तीत आले. असं पूर्वी झालं नव्हतं. दादा हा आमच्या गावातला लढाईत गेलेला पहिलाच माणूस. गावानं ठरवलं होतं की वर्ष भरेल त्या दिवशी पाराजवळ स्मृतिदिन करायचा, सगळ्या गावानं जमायचं, फोटोला हार घालायचा आणि तिथंच पुढं दादाच्या नावाचा दगड बसवायचा. बानं ऐकलं. ज्या पाराला बाच्या बापानं कधी हात लावला नव्हता, ज्याच्या समोरून जाताना पायताण हातात घ्यायला लागायचं, तिथं त्याच्या लेकाचं नाव लागणार होतं. "म्होरल्या रांगेत खुर्च्या टाकतो तुमच्यासाठी," सरपंच म्हणाले. "फक्त फोटो तेवढा द्या."

"फोटो न्हाय मिळायचा," माय आतून म्हणाली.

त्या आठवड्यात आमच्या घरात जे भांडण झालं तसं कधी झालं नव्हतं. बा मायच्या अंगावर कधी ओरडत नसे. त्या दिवशी ओरडला. "गाव बोलावतंय आपल्याला! वेशीतनं, वाजत गाजत! कुणासाठी? तुझ्या लेकासाठी! आन तू फोटो धरून बसलीस!"

"जित्या माणसाला हार घालू? तुमाला पार पायजे. मला माजं लेकरू पायजे."

"आगं, त्यो गेलाय!"

"तुमी बघितलं?"

बा बाहेर निघून गेला आणि रस्त्याच्या कडेला, त्याच्या वाळलेल्या झाडांखाली बसून राहिला. मी भाकरी घेऊन गेले तर म्हणाला, "शांते, मला काय त्याचा हार बघायची हौस हाय का गं?" आणि भाकरी परत पाठवली. माणूस दोन गोष्टी एकदम मागतो आणि दोन्हींची त्याला शरम वाटते, हे मला तेव्हा समजलं नाही. मी मायच्या बाजूची होते. माझ्या वयाला दादा जिवंत असणंच सोपं होतं.

गुरुजींनी कुठून तरी पत्ता काढून दादाच्या तुकडीतल्या एका जवानाला बोलावणं धाडलं होतं. काशिनाथ त्याचं नाव, उमरग्याकडचा. तो आदल्या दिवशी निघून, तुळजापूरला गाडी बदलून, स्मृतिदिनाच्या सकाळी आमच्या वस्तीत पोचला. आडवा दणकट माणूस, पण डावा पाय गुडघ्यातून वाकत नव्हता, हातात काठी. उंबऱ्यातून आत येताना त्याला तो पाय बाजूनं फिरवून घ्यायला लागला. आत आल्यावर त्याची नजर आधी फोटोकडं गेली. काठी सावरून त्यानं सलाम केला आणि मग तो मायच्या पाया पडायला लागला, पण वाकता येईना. मायनंच त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

तिनं त्याला जेवायला वाढलं. आणि त्या दिवशी मायनं राखून ठेवलेलं शाळूचं पीठ काढलं, का ते मला माहीत नाही. पांढरी भाकरी वर्षात पहिल्यांदाच घरात झाली. वहिनीनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला. त्यानं वर बघितलं, तिच्या कपाळाकडं बघितलं आणि त्याचा घास हातातच राहिला. त्यानं बाकडं पाहिलं. बा जमिनीकडं बघत होता.

माय उठली, पेटी उघडली आणि तो विटकरी स्वेटर त्याच्या ताटाशेजारी आणून ठेवला.

"बाबा, तू तितला हाईस म्हणून इचारती. ह्ये बघ. ह्ये माज्या किसनचं न्हाय. पेटी चुकून आली ना आमच्याकडं?"

चुलीत लाकूड तडकलं. काशिनाथनं स्वेटर हातात घेतला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते तोंडावर दिसत होतं. तो खोटं बोलला असता. चुकून आली असंल माय, एवढंच म्हणायचं, ताट संपवायचं आणि जायचं. मी मनातल्या मनात त्याला तसंच म्हणायला सांगत होते.

"भाऊ," वहिनी म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती. तिनं परक्या पुरुषाशी इतक्या मोठ्यानं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. "खरं सांगा. काय आसंल त्ये खरं सांगा."

"ह्यो स्वेटर माझा हाय, माय," काशिनाथ म्हणाला. "माझ्या बहिणीनं विणलेला. किसनला थंडी लई वाजायची. आमी एकमेकाचं घालत होतो. म्होरं जायचा हुकूम आला तवा सामान मागं ठेवलं, ह्यो त्याच्या पेटीत ऱ्हायला." तो स्वेटरची बाही बोटांनी सरळ करत राहिला. "पेटी त्याचीच हाय."

"तू बघितलंस त्याला?"

"व्हय."

"जवळनं?"

"माझ्या जवळच पडला माय. उसाचा फड व्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आमी त्यास्नी अग्नी दिला. माझा पाय तवा धड व्हता, म्या उचलाय व्हतो."

"त्यास्नी?"

"एकटा नव्हता. लई जण व्हते. लाकूड कमी पडत व्हतं. सगळ्यास्नी एकाच ठिकाणी..."

माय खाली बसली. रडली नाही. तिनं विचारलं, "थंडी व्हती?" तो म्हणाला, "लई व्हती." तिनं मान हलवली, जणू तेवढंच विचारायचं राहिलं होतं. मग तिनं वहिनीकडं बघितलं.

"सुमन, तुला ठावं व्हतं?"

"व्हय आत्या."

"कवापस्नं?"

"तार आली तवापस्नं. पेटीत माझा रुमाल व्हता. त्यो दुसऱ्याच्या पेटीत कशाला आसंल?"

"मंग येवढं वरीस कुंकू लावलंस?"

"तुमच्यासाठी लावलं."

मायनं तोंडात पदर कोंबला. तिच्या घशातून जो आवाज आला तो माणसाचा नव्हता. बा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. काशिनाथ काठी शोधत उठला आणि ओट्यावर जाऊन बसला. त्याच्या ताटातली पांढरी भाकरी अर्धी तशीच राहिली. वहिनी मायजवळ गेली आणि तिला मांडीवर घेऊन बसली. उलटं व्हायला हवं होतं. वयानं, नात्यानं, सगळ्यानंच उलटं व्हायला हवं होतं. मी मध्येच कुठं तरी उभी होते आणि मला पहिल्यांदा कळलं, की ही पोरगी वर्षभर झिऱ्यावरचे सगळे बोल ऐकत होती आणि तिला रडायलासुद्धा घर नव्हतं.

दुपार कलली तशी पाराकडून हलगी वाजायला लागली. माय उठली, तोंड धुतलं आणि मला म्हणाली, "शांते, फोटो काढ." मी पाट ठेवून चढले. खिळा गंजला होता, फोटो काढताना भिंतीचा पोपडा निघाला. मायनं फोटो पदराखाली घेतला, आणि आम्ही वेशीतून गावात गेलो. बा पुढं, मागं काशिनाथ पाय ओढत, मग माय, वहिनी आणि मी, आणि सगळी वस्ती. हलगी वाजवणारा आमच्यातलाच होता. त्या दिवशी तो खाली मान घालून वाजवत होता.

पाराशेजारी टेबल, टेबलावर पांढरी चादर, चार खुर्च्या. दुष्काळात फुलं कुठली? झेंडूचा एक हार बार्शीहून एसटीनं मागवलेला, तो दिवसभरात कोमेजून त्याच्या पाकळ्या गळत होत्या. बाकीचे हार शाळेच्या पोरांनी रंगीत कागदाचे केलेले. सरपंच बोलले, गुरुजी बोलले. काशिनाथला बोलायला उठवलं, त्यानं "किसन लई चांगला गडी व्हता" एवढं म्हटलं आणि खाली बसला. मग बाचं नाव पुकारलं. बा हार घेऊन फोटोपुढं गेला. ज्या क्षणासाठी तो मायशी भांडला होता तो समोर होता, आणि त्याचे हात वर जाईनात. तो नुसता उभा. हारातून पाकळ्या गळतायत आणि सगळं गाव बघतंय. कुणी तरी खाकरलं. तेव्हा वहिनी खुर्चीवरून उठली, बाच्या हातून तो हार घेतला आणि दादाच्या फोटोला घातला. मग दोन्ही हात जोडून तिथंच उभी राहिली.

बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, फार हळू नव्हता. "कुंकू लावून नवऱ्याच्या फोटोला हार घालती. बघा तरी."

माय उठली. आयुष्यात त्या पारासमोर ती कधी मान वर करून उभी राहिली नव्हती.

"त्ये कुंकू म्या लावाय लावलंय," ती म्हणाली. "कुणाला पुसायचं आसंल तर आदी माज्याकडं यावं."

कुणी आलं नाही. गुरुजींनी घाईघाईनं पोरांना राष्ट्रगीत म्हणायला उभं केलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यातलं बरंचसं मला नीट आठवत नाही, आणि आठवतं ते सांगवत नाही. पाऊस पडायच्या आधी वहिनीचे वडील तिला न्यायला आले. मायनंच निरोप धाडला होता. वहिनी जात नव्हती, दाराची चौकट धरून म्हणाली, "आत्या, मला घालवू नगा." मायनं तिची बोटं एकेक करून सोडवली. तिच्या ट्रंकेत तो रुमाल ठेवायचा की नाही यावर दोघींचं थोडं वाजलं. शेवटी मायनं तो ठेवून घेतला. दोन वर्षांनी वहिनीचं भूमशेजारच्या वाशीच्या एका विधुराशी लग्न झालं. चांगला माणूस, शाळेत शिपाई. त्यानंतर तिनं आमच्याकडं येणं शोभलं नसतं, आणि ती आली नाही.

माय बरीच वर्षं जगली. पाराजवळ दगड बसला, त्याच्यावर दादाचं नाव कोरलं. दर वर्षी त्या दिवशी तिला पुढच्या खुर्चीवर बसवून शाल द्यायचे. ती शाल घ्यायची, घरी आणून घडी घालून ठेवायची आणि एकही वापरायची नाही. बा गेला, मग माय गेली, मग त्या खुर्चीवर मला बसवायला लागले. मी नर्सची नोकरी करून लातूरहून निवृत्त झाले आहे, तरी त्या दिवशी गावी जाते. आता लाउडस्पीकरवर गाणी असतात, पुढारी उशिरा येतात, शाळेच्या पोरांना उन्हात उभं करतात. दादा कसा दिसायचा हे सांगू शकणारं गावात माझ्याशिवाय कुणी राहिलं नाही.

मागच्या का त्याच्या मागच्या वर्षी, कार्यक्रम संपून माणसं पांगल्यावर, एक म्हातारी दगडाजवळ आली. सोबतच्या नातवाला तिनं गाडीतच थांबायला सांगितलं होतं. पांढरे केस, जाड चष्मा. मला ओळखायला वेळ लागला.

"वहिनी, पुढं का नाही आलात? मी तुम्हाला खुर्चीवर बसवलं असतं."

"माझी कसली खुर्ची शांताबाई," ती म्हणाली. मला तिनं पूर्वी कधी बाई म्हटलं नव्हतं. "आमचे हे गेले दोन वर्षांमागं. तवाच ठरवलं, आता एकदा यायचं. ते हयात असताना नको वाटायचं. त्यांचा काय गुन्हा?"

आम्ही पाराच्या कडेला टेकलो. तिनं दगडावर दादाच्या नावाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. ती वाचायला कधी शिकली ते मला माहीत नव्हतं. मग तिनं विचारलं,

"तुम्हाला त्यांचा आवाज आठवतो का?"

मी आठवायला लागले. त्याचे दात आठवले, चालणं आठवलं, मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडलेला आठवला. तो मला हाक मारायचा हे आठवलं. ती हाक मात्र ऐकू येईना. कितीही डोळे मिटले तरी येईना.

"नाही," मी म्हणाले.

"मलाही न्हाय," ती म्हणाली. "वाटलं व्हतं, तुमच्याकडं आसंल."

मांडव सोडणारी पोरं खुर्च्या एकात एक घालत होती. तिचा नातू गाडीतून हॉर्न वाजवायला लागला होता, पण ती उठली नाही, आणि मीही तिला उठवलं नाही.